धुऱ्यावरचं कुरडू

सोजराबाईनं द्रोणात कुरडूची भाजी वाढली, वर चतकोर भाकर ठेवली, द्रोण प्रियंका मॅडमच्या हातात दिला, आणि तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला.

"घ्या फोन, मी थांबते," मॅडम म्हणाल्या.

मॅडम मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक. ट्रकमधून येणारा शिळा कोबी दीडशे पोरींना खाऊ घालून वैतागलेल्या. रानभाजी महोत्सवात त्या फोटो काढायला आल्या नव्हत्या. आठवड्याला वीस किलो भाजी आणि एक पोतं ज्वारी, थेट बायकांच्या गटाकडून घ्यायची, असा कागद घेऊन आल्या होत्या. भाजी चाखायची आणि सही करायची, एवढंच राहिलं होतं. गटातल्या अकरा बायका दोन वर्षं याच कागदासाठी दारोदार फिरल्या होत्या.

फोन सुनेचा होता, सत्यशीलाचा.

"आत्या, कुरडू कोनत्या धुऱ्यावरचं तोडलं तुमी?"

"ग्यानबाच्या. काहून?"

"ग्यानबा आत्ता हापशावर आला व्हता. सांगून राहिला, परवा सांजच्याला त्यानं सारा धुरा फवारला म्हनं. तननाशक."

सोजराबाईला आधी नात आठवली. "रात्री आपुनबी तेच खाल्लं. पूनम?"

"शाळेत गेली. बराबर हाय सध्या तरी."

सोजराबाईनं भाजी काल तोडली होती. शेजारच्या शेतातल्या ग्यानबाला विचारलं नव्हतं. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, भाजी कोणी विचारून तोडत नाही. ज्याच्या हाताला लागली त्याची, हा रिवाज तिच्या आजीच्याही आधीचा. म्हणून तिनं विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही. आणि फवारलेलं झाड काही लगेच मान टाकत नाही. दोन-चार दिवस चांगलं हिरवंगार दिसतं.

मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला होता. सोजराबाईनं द्रोण त्यांच्या हातातून काढून घेतला. मागितला नाही, काढूनच घेतला.

"नका खाऊ बाई. औषध मारलेलं हाय हे."

विजयकुमार धावत आला. मांडवाचा खर्च त्याच्या कृषी केंद्राचा. दारावर बॅनरही त्याचाच: डाव्या बाजूला 'विषमुक्त अन्न, निरोगी जीवन', उजव्या बाजूला तणनाशकाचा डबा, पाच डब्यांवर एक छत्री मोफत. ग्यानबानंही डबा त्याच्याच दुकानातून नेला होता.

"काकू, काहून तमाशा करून राहिल्या?" तो दात दाबून बोलला. "धुतली ना? शिजवली ना? मंग? काई होत न्हाई. कंपनीचा मानूस माह्यासमोर घोटभर पिऊन दाखवते."

"मंग तू खाय." सोजराबाईनं द्रोण त्याच्यापुढं केला.

"माहा सोमवार हाय आज. श्रावनाचा."

"आत्ता तर तीन नंबरच्या स्टॉलवर मायाळूची भजी हानली की!" गटातली सिंधूबाई शेजारून बोलली. दोन-चार जण हसले. विजयकुमारनं रुमालानं तोंड पुसलं आणि पाहुण्यांची गाडी आली का बघायला निघून गेला.

मॅडमनी मोडलेला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण पुढच्या आठवड्यापासून स्वच्छ भाजी द्याल ना? तेवढं एका ओळीत लिहून द्या. मी आत्ता सही करते."

एक ओळ. कोण बघायला येणार होतं शेतात? सिंधूबाईनं तर पेनही काढून पुढं धरला.

"माह्या दीड एकरात मी थेंब पडू देत न्हाई," सोजराबाई म्हणाली. "पर चारी अंगाला फवारनीचे पंप चालू हायेत, बाई. वारं कोनाच्या बापाचं ऐकत न्हाई. त्यांचं मी कसं लिहून देऊ?"

मॅडमनी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली. "मला दीडशे मुलींच्या आई-वडिलांना उत्तर द्यावं लागतं हो." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्या. उद्या पुन्हा ट्रकमधून कोबी येईल. त्याच्यावर काय मारलं, किती वेळा मारलं, कोणी विचारणार नाही. लिहून मागणार नाही. आणि खाणाऱ्याच्या हातातून ताट काढून घ्यायला त्या ट्रकमागं कोणी सोजराबाई बसलेली नसते.

"झालं समाधान?" सिंधूबाईचा आवाज फाटला. "अकरा घरं बुडवलीस. एक दिवस तोंड मिटून बसली असतीस तर जीब झडली असती का तुही?"

"आन पोरींना काई झालं असतं तर?"

"लगेच कोन मरते? आपुन न्हाई का खात? आपली लेकरं न्हाई का खात?"

सोजराबाईनं द्रोण परत पातेल्यात रिकामा केला. तिनं भाजीचं पातेलं कमरेवर घेतलं आणि मांडवाबाहेर आली.

भाजी फेकायची होती. उकिरड्यावर दोन गाई उभ्या होत्या. नालीत डुकरं लोळत होती. लिंबाखाली कोणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या, भिंतीकडं कोंबड्या उकरत होत्या. सोजराबाई पातेलं घेऊन उन्हात उभी राहिली. ती जिकडं वळली, तिकडचं जनावर मान वर करून बघायला लागलं.