जिन्यातलं कपाट

"आजारी माणूस जिन्यातून आडवा नेता आला पाहिजे," हा आर्किटेक्ट बाबांचा हट्ट. गावातल्या प्रत्येक घराच्या नकाशात ते जिन्याचं वळण ऐसपैस ठेवायचे. जागा वाया गेली म्हणून लोक कुरकुरायचे. फक्त आमच्या घरात त्यांनी हार मानली. आईला तिथेच पुस्तकांचं कपाट हवं होतं. "हे गावाला पुरून उरले, माझ्यापुढे नमले," असं तीस वर्षं मिरवायची. आज बाबांना वरून शेवटचं खाली आणताना स्ट्रेचर त्याच कपाटापाशी अडलं. "माझ्यामुळे," आई पुटपुटली. बाबांच्या जुन्या सुतारकाकांनी पुस्तकं उतरवली, चार स्क्रू फिरवले. कपाट अलगद सुटलं. "साहेबांनी मुद्दाम असं बसवून घेतलेलं. म्हणाले, हिला सांगू नकोस, जिंकल्याचा आनंद घेऊ दे." वाट मोकळी झाली. स्ट्रेचर हललं. आईने सुतारकाकांचा हात धरला. "भाऊ, कपाट परत बसवा. हे चाललेत, मला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नका."