गार गादीचा पहिला पदवीधर

"डॉक्टर, माझ्या भावाला तीन दिवस गार करून ठेवलंत, तर त्याचं रक्त जेलीसारखं थिजलं नाही का?"

हिरायाने मंचावरच्या माइकवर एका दमात विचारून टाकलं. 'तुझी हिंमतच नाही' असं म्हणून ट्रिक्सीने नववीच्या अख्ख्या वर्गादेखत पैज लावली होती. मांडव खो खो हसला. एरवी हसण्यासारखं होतंच काय? इथले खासदार, काँग्रेसमन उबाल्दे, तीन तासांपासून "पोचतच" होते, आणि निवेदकाचे विनोद कधीच संपले होते. म्हणून तर प्रश्नोत्तरं सुरू झाली होती.

सोहळा मोठा होता. उबाल्देंनी प्रांताच्या इस्पितळाला गार गादी भेट दिली होती. जन्मताना ज्या बाळांचा श्वास कोंडतो, त्यांचा मेंदू वाचावा म्हणून अंग थंड ठेवणारी. गादीच्या कडेला उबाल्देंचा हसरा फोटो. हिरायाचा पाच दिवसांचा भाऊ बोयेत त्या फोटोशेजारी बहात्तर तास निजला होता, म्हणून आज त्याला पदवी मिळणार होती. बाळ आत काचेमागे होतं. त्याची लिंबाएवढी काळी टोपी मंचावर मखमली उशीवर वाट बघत होती. मग अ‍ॅम्ब्युलन्समधून गावभर मिरवणूक. तिच्याही दोन्ही बाजूंना उबाल्दे दात दाखवत होते. ती चालवणार होते हिरायाचे वडील, क्रिसांतो.

मंचावरच्या डॉक्टर बालिंगित मात्र हसल्या नाहीत. दर दहा मिनिटांनी त्या आत जाऊन येत होत्या. आत्ताही नुकत्याच येऊन टेकल्या होत्या.

"तसं थिजत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण अशा बाळांच्या मेंदूतल्या शिरांत कधीकधी गुठळी होते. बोयेतचा डावा हात सकाळपासून झटके देतोय. औषध दिलंय, पण मला गुठळीचीच शंका आहे. शहरात नेऊन मोठ्या मशीनवर डोकं तपासायला हवं. सात वाजल्यापासून गाडी मागतेय मी."

इस्पितळाचे अधीक्षक लगबगीने उठले. "डॉक्टर, हे कार्यक्रमानंतर सांगायचं ठरलं होतं ना! आनंदाच्या दिवशी आईवडिलांच्या जिवाला कशाला घोर?"

"पण गाडी दारातच उभी आहे की!" चाकाच्या खुर्चीतून हिरायाची आई किंचाळली.

"ती मिरवणुकीची आहे, बाई. साहेब आले आणि गाडीच नसली, तर?"

सगळ्यांच्या माना क्रिसांतोकडे वळल्या. त्यांनी हातातली किल्ली घट्ट धरली. "पंधराच मिनिटं, पोरी," ते पुटपुटले. "ही नोकरी साहेबांनीच दिलीय. आज गाडी हलवली, तर उद्या मी घरी."

आईने डोळे पुसले. "आणि बोयेतच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप व्हायलाही तेच तयार झालेत. त्यांना दुखवून कसं चालेल?"

"चालणारच नाही!" अधीक्षकांना एकदम हुरूप आला. "मी तर म्हणतो, तोवर टोपी घालून एक फोटो काढून घेऊ."

डॉक्टर पुन्हा आत पळाल्या.

हिरायाने माइक खाली ठेवला. मघाशी पाठीशी सगळा वर्ग होता. आता ट्रिक्सीसुद्धा खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होती. हिराया मंचाच्या पायऱ्या उतरली आणि थेट आईवडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"नानाय, तातय, मी ठरवलंय. बोयेतला घेऊन डॉक्टर आणि मी आत्ता गाडीत बसतोय. तातय, तुम्ही गाडी काढा. साहेब येण्याची वाट कशाला बघायची? ते तीन तासांपासून गाडीला चिकटूनच आहेत!"