बकुळीच्या मुळाशी

घारेकाकांनी वाळत चाललेल्या बकुळीच्या खोडावर नखानं ओरखडा काढला. आत हिरवं दिसलं.

"जीव आहे, ताई. माझ्या नर्सरीतून नेलीत तेव्हा चांगली तरतरीत होती. लावताना मुळाशी काय घातलंत?"

"राख," मी म्हणाले.

"किती?"

"सगळी," हे म्हणाले.

"अहो, चिमूटभर चालते! जास्त झाली की मुळं होरपळतात. उकरून काढा, नवी माती भरा." काका खुरपं घेऊन बसले. ह्यांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. आम्ही काढतो."

आम्ही हातांनीच उकरलं. राखेची माती मी स्टीलच्या डब्यात भरत गेले. सईची रक्षा नदीत सोडायला मीच नकार दिला होता. आठ वर्षांची झाली तरी पोर पाण्याला भ्यायची. डोक्यावरून पाणी घेताना माझा हात सोडायची नाही.

काकांनी डब्याकडे पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या.

नवी माती भरताना मी विचारलं, "चिमूटभर चालते ना?" त्यांनी नुसती मान डोलावली. मी चिमूट मुळाशी सोडली, डब्याला झाकण लावलं.

"उद्या नदीत मी उतरेन तिच्याबरोबर," हे म्हणाले. "हात सोडणार नाही."