दुसरा फ्लॅश

मुकुंदवाडीच्या प्लॉटवरून धाकट्या भावाशी, बन्सीशी, कोर्टकज्जा सुरू झाला तेव्हाच काकासाहेबांनी बायकोला दम भरला होता, "त्याच्या बायकोशी बोलताना दिसलीस, तर कायमची माहेरी धाडीन."

भाचीच्या लग्नात मात्र नवरीनं हट्टच धरला, की दोन्ही मामींचा एक तरी फोटो पाहिजे. काकासाहेबांची मनकर्णाबाई आणि बन्सीची आवडाबाई शेजारी उभ्या राहिल्या. काकासाहेब कॅमेऱ्याच्या बाजूलाच डोळे वटारून उभे होते.

हॉलमध्ये उजेड कमी होता. फोटोग्राफर म्हणाला, "डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी बारका फ्लॅश पडंल. फोटो मोठ्या फ्लॅशला निघतो, तवर हलू नका." बँडच्या दणक्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

बारका फ्लॅश पडला. दोघी जावांची तोंडं दोन दिशांना होती. फोटो झाला असं समजून काकासाहेब समाधानानं पंगतीकडं वळले. त्यांच्या पाठीमागं मोठा फ्लॅश चमकला.

महिन्याभरानं अल्बम आला. फोटोत दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. मनकर्णाबाई इतकं हसत होती, की काकासाहेबांनी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी फोटो ओढून बाहेर काढला.

"कवापासून चाललंय हे? आत्ता फाडून टाकतो हा फोटो."

मनकर्णाबाईनं हातातली डाळ निवडणं थांबवलं नाही.



"फाडा खुशाल," ती म्हणाली. "बन्सीभावजींनी मोठा करून भिंतीला लावलाय. कालच बघून आले मी."