दुसरं कुळ

सरांचं निरोपाचं भाषण दुपारी होतं, आणि त्याआधी तिला एकच गोष्ट ठरवायची होती: कुळ एक की दोन?

दूरच्या दीर्घिकांमधून रेडिओ लहरींचे स्फोट येतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतात. असे ढीगभर स्फोट जमवून आकडेवारीवरून त्यांचं मूळ शोधायचं, हे या विभागाचं काम. सगळ्या जगाच्या मते कुळ एकच, तरुण ताऱ्यांचं. सर मात्र उभी कारकीर्द म्हणत आले, की दुसरंही आहे, विझत आलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांचं. परिषदांमध्ये लोक गालात हसत.

आता तिच्या पडद्यावर दुसरा गट उमटला होता. स्वच्छ, वेगळा, अगदी सर म्हणत तसा.

"जरा जास्तच गुणी बाळ दिसतंय," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून म्हणाली. "सरांनीच मिसळलेलं असणार."

विद्यार्थ्यांची पारख व्हावी म्हणून दरवर्षी सर खऱ्या नोंदींमध्ये काही नकली स्फोट बेमालूम सोडत. ते हुडकून वगळायचे, आणि हिशेब बंद होईपर्यंत सरांना काही विचारायचं नाही, ही विभागाची शिस्त.

"स्वतःच्याच दाव्यावर कशाला सापळा लावतील?"

"अगं, तुझी परीक्षा आहे ती. सरांना खूश करायच्या मोहाला भुलतेस का, एवढंच बघायचंय त्यांना."

तिला ते पटलं. सर तसेच होते. जड मनाने तिने तो गट वगळला आणि हिशेब बंद केला.

थोड्या वेळाने सर दारात आले. "काय मग, एक की दोन?"

"एकच, सर."

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "बरं झालं. जाण्याआधी कळलं."

भरल्या सभागृहात त्यांनी आपला दावा मागे घेतला. "मी चुकलो," ते शांतपणे म्हणाले. इतकी वर्षं हसणारे लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

चहाच्या वेळी तिने त्यांना गाठलं. "सर, यंदाचे नकली फारच हुबेहूब होते हं. वगळताना हात धजत नव्हता."

सरांनी कप खाली ठेवला.

"यंदा मी काहीच मिसळलं नव्हतं गं. म्हटलं, शेवटचं वर्ष आहे, आकाशालाच बोलू द्यावं."