गेटवरची परीक्षा

"काहीही झालं तरी गेट उघडायचं नाही. पास नाही, तर आत नाही," असं गेटवर उभ्या कैलाशला बजावून भरतीचं काम पाहणारी चेतना केबिनमध्ये आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली.

शेजारी राइस मिलचे मालक चुन्नीलाल तंबाखू मळत होते. "दहावी नापास माणूस मिलच्या सुरक्षेचा प्रमुख? कायले, बेटा?"

"कागद नको, काम पाहू, शेठजी. फौजेत सरहद्द राखलीय त्यानं."

"पाहू. हा घसरला तर इथं पुन्हा फौजीचं नाव काढू नको."

चेतनाचे वडीलही फौजेतून परतले आणि एक सर्टिफिकेट नाही म्हणून घरात बसून खंगले. कैलाशचं तसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

परीक्षा तिनंच आखली होती. नागरा गावचे केशोराव दंडारीच्या नाटकांत म्हाताऱ्यांची सोंगं वठवायचे. फोनवर त्यांना सगळं समजावलं होतं: पास नसलेला आजारी माणूस व्हायचं आणि गयावया करून आत शिरायचं.

ऊन चढलं तसा एक म्हातारा सायकल ढकलत बिरसीच्या रस्त्यानं गेटपाशी आला. कॅमेऱ्यातून त्याचा आवाजही ऐकू येत होता.

"आत घे ना बापू. छातीत दुखून राहिलं."

"पास?"

"कायचा पास? सावलीत बसू दे मले."

सायकल आडवी झाली. गेटचे गज धरून म्हातारा खाली घसरला. काय सोंग वठवतोय हा माणूस, चेतनाला वाटलं. शेठजीही तंबाखू मळायचे थांबले.

गेटवरून फोन आला. "मॅडम, म्हातारा घामानं निथळून राहिला. उघडू का?"

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. मनात मात्र देवाचा धावा चालला होता.

कैलाशनं पुन्हा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्यानं फोन ठेवला आणि गेट सताड उघडलं.

"गेला तुझा फौजी," शेठजी म्हणाले.

चेतनाला रडू आणि राग एकदमच आला. ती तशीच गेटकडे धावली. कैलाश गुडघ्यांवर बसून म्हाताऱ्याची छाती दाबत होता.

"काऊन उघडलं? नोकरी गेली तुमची! सोंग होतं हे. उठा हो काका आता!"

कैलाशनं मान वर केली नाही. "गाडी आणा, मॅडम."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला.

"माफ करजा, चेतनाबाई," केशोराव बोलत होते, "मी नागऱ्यातच अटकलो. सोंग उद्या केलं तर चालते का?"