विहिरीचा गृहपाठ

समतेच्या हक्काचा धडा संपला, तशी नव्यानं बदलून आलेल्या रणदिवे बाईंनी खिडकीतून शाळेमागच्या विहिरीकडे बोट दाखवलं. "विहिरीवर ही एवढी मोठी फरशी का टाकली, घरी मोठ्यांना विचारून या. गावाचा इतिहास आपणच लिहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येताना बाईंना फरशी बाजूला सरकवलेली दिसली. कठडा शाबूत होता, आत काळंशार पाणी होतं. गाव मदतीला धावलं असं वाटून बाई हरखल्या.

वर्गात पहिली मुलगी उठली. "कठडा ढासळला, म्हणून झाकली." दुसरा उठला, तेच म्हणाला. तिसरीही तेच, शब्दाचाही फरक नाही.

"कधी ढासळला?" बाईंनी विचारलं.

घंटा झाली. पोरं पळाली, सरपंचांची नात तेवढी दाराशी घुटमळली.

"बाई, आजोबांनी एक विचारून यायला सांगितलंय."

"काय गं?"

"तुम्हाला पोहता येतं का?"